साहेबांचे सुळे

पुरुषोत्तम गद्र्यांना साहेबांची भीती वाटायची. नोकरदार माणसाला साहेबाची भीती वाटावी यात नवल काही नाही, पण गद्र्यांनी ती भीती जरा जास्तच मनापासून सांभाळली होती. श्रीकंठय्या साहेबांची अँबॅसिडर हॉर्न वाजवीत फाटकातून आत शिरली की गद्रे खुर्चीवरून उठून उभे राहत. गद्रे बसत तिथून फाटक दिसत नसे आणि फाटकातून गद्रे दिसत नसत; तरी उठत. साहेब रजेवर असले तरी त्यांच्या केबिनसमोरून जाताना ते शर्टाचं वरचं बटण लावून घेत. "बंद दाराला कसली लाज?" असं त्यांच्या बायकोने, नीलिमाने, एकदा विचारलं होतं. "दार बंद असलं तरी ते त्यांचं आहे," असं गद्रे म्हणाले होते.

कंपनी पाण्याचे मीटर बनवायची, बंगलोरात, बन्नेरघट्टा रोडवर. साल अठ्ठ्याण्णव. सगळ्या शहराला कॉम्प्युटरचं वारं लागलेलं. जे. पी. नगरात गद्रे राहत त्या गल्लीत वाण्याच्या दुकानांपेक्षा कॉम्प्युटर क्लास जास्त झाले होते. अशा शहरात आपल्या कंपनीत अजून टाइपरायटर खडखडतात, याची मुंबईच्या हेड ऑफिसला लाज वाटली आणि एका सकाळी खोकी येऊन पडली. गद्रे मूळचे पुण्याचे, खरेदी खात्यातले. खोकी ताब्यात घेतल्याची सही त्यांनी केली होती, एवढ्या एका कारणावरून कॉम्प्युटर त्यांच्या गळ्यात पडले. सही करताना माणसाने किती विचार करावा, याचा उपदेश त्यानंतर ते सगळ्यांना करीत.

यंत्रं बसवायला सूर्यकांत नावाचा नागपूरकडचा इंजिनियर आला. त्याने एका कोपऱ्यात मोठा सर्व्हर मांडला, भिंतींना भोकं पाडून सगळीकडे वायरी नेल्या आणि गद्र्यांना गुरुमंत्र दिला.

"हे पाहा भाऊ, याला म्हणतात रोमिंग प्रोफाइल. तुमचं टेबल आता टेबलावर नाही राहत. ते राहते सर्व्हरमध्ये. तुम्ही कोणत्याबी कॉम्प्युटरवर बसा, आपलं नाव टाका, पासवर्ड टाका, की तुमचं टेबल धावत येते तिथं. तुमचे कागद, तुमचं चित्र, सगळं. काम झालं, बाहेर पडले, की परत सर्व्हरमध्ये जाऊन बसते."

"म्हणजे आपल्या मागे मागे येतं?"

"सावलीसारखं," सूर्यकांत म्हणाला आणि हेब्बाळला दुसऱ्या कंपनीत वायरी ओढायला निघून गेला.

गद्र्यांना ही कल्पना फार आवडली. दोन आठवडे ते ऑफिसभर हिंडले. जिथे मोकळा कॉम्प्युटर दिसेल तिथे बसायचे, नाव टाकायचे आणि आपलं टेबल येताना पाहायचे. नीलिमाने लग्नात सुद्धा आपल्याकडे इतक्या तत्परतेने पाहिलं नव्हतं, असं त्यांना वाटे. लोकांना ते शिकवीतही. "नुसतं बटण दाबून बंद करायचं नाही. आधी नीट बाहेर पडायचं, मग बंद. शिस्त म्हणजे शिस्त." स्टोअरचे कृष्णाजी, जे गेली कित्येक वर्षं फक्त वॉशर आणि नट यांच्याशी बोलत आले होते, तेही ही शिस्त शिकले.

आणि मग कंपनीच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका निघायची ठरली.

स्मरणिकेच्या पहिल्या पानावर साहेबांचा फोटो. तो स्कॅन करून छापखान्यात पाठवायचं काम गद्र्यांकडे. फोटो स्कॅन केला तर साहेबांच्या हनुवटीवर एक काळा ठिपका आला. धूळ असणार. आता, साहेबांच्या हनुवटीवर ठिपका ठेवून पुढे जाईल असा माणूस गद्रे नव्हते. स्टोअरच्या खोलीत शांतता असते म्हणून ते तिथल्या कॉम्प्युटरवर बसले, चित्रं काढायचा प्रोग्रॅम उघडला आणि खोडरबर घेतला.

इथे सांगायला हवं की त्यांच्या मनात काहीही नव्हतं. पुढे लोक काहीही म्हणोत. खोडरबर जरा मोठा होता, एवढंच. ठिपका गेला आणि त्याच्याबरोबर खालचा ओठ अर्धा गेला. गद्र्यांना घाम फुटला. त्यांनी ब्रशने ओठ काढला. ओठ बरा आला, पण त्यातून एक पांढरी रेघ वर गेली. ती दातासारखी दिसू लागली. एकच दात बाहेर बरा दिसेना, म्हणून समतोल राखायला दुसऱ्या बाजूलाही काढला. दोन सुळे झाले. सुळे आले तर मिशी बारीक वाटू लागली, म्हणून ती कानापर्यंत नेली. इथे खरं म्हणजे थांबायला हवं होतं. पण गद्र्यांचा हात आता रंगात आला होता, आणि खूप वर्षांनी त्यांच्या छातीत काहीतरी सैल होत होतं. त्यांनी भुवया जाड केल्या. डोळ्यांत लाल भरला. टक्कल पडलेल्या जागी दोन शिंगं काढली, आणि शिंगांना आडव्या रेघा मारल्या.

मग ते मागे रेलले आणि त्यांना दिसलं की पडद्यावरून एक राक्षस त्यांच्याकडे पाहतोय आणि तो राक्षस शंभर टक्के श्रीकंठय्या साहेब आहेत. फोटोत जेवढे होते त्यापेक्षा जास्त.

बाहेर कुणाच्या तरी चपला वाजल्या. गद्र्यांनी घाईघाईने चित्र मिटवायला मेनू उघडला. त्या मेनूत 'सेव्ह' होतं, त्याच्या खाली बरंच काही होतं, आणि त्यात एक ओळ होती ती चित्राला टेबलावर कायमचं पसरवायची. हातातला उंदीर, म्हणजे माउस, अशा वेळी कुठे जाईल हे कोण सांगणार? चित्र सेव्ह झालं, आणि पुढच्या क्षणी साहेब सुळ्यांसकट अख्ख्या पडद्यावर पसरले. त्यांच्या नाकावर 'माय कॉम्प्युटर' असं लिहिलेलं होतं.

जातंय का पाहायला गद्रे नीट बाहेर पडले, पुन्हा आत गेले, तर साहेब तिथेच; त्यांनी पडद्याचं बटण बंद केलं. काळोख झाला. ते बाहेर आले, दारात भेटलेल्या कृष्णाजींना "काही नाही, काही नाही" असं न विचारता सांगितलं आणि जिन्याने वर पळाले.

वर आपल्या टेबलाशी बसून ते पाणी प्यायले. राक्षस खाली स्टोअरमध्ये आहे, आपण इथे आहोत, असा धीर त्यांनी स्वतःला दिला. मग सवयीने नाव टाकलं, पासवर्ड टाकला.

राक्षस वर आला.

माणूस घाबरला की त्याची बुद्धी चालते, पण उलटी. गद्र्यांच्या मनात आलं: इथे आला म्हणजे सगळीकडे गेला असेल! ते उठले आणि अकाउंट्समध्ये गेले. तिथे कुणी नव्हतं. नाव टाकलं, पासवर्ड टाकला. राक्षस होता. तेवढ्यात कुणी आलं, गद्र्यांनी पडदा विझवला आणि निघाले. डिस्पॅचमध्ये गेले. तिथेही. साहेबांची सेक्रेटरी श्रीविद्या डबा खायला गेली होती, तिच्या कॉम्प्युटरवर बसून पाहिलं. तिथेही!  रोग सगळ्या कंपनीत पसरला होता. जिथे जाऊन पाहावं तिथे साहेब लाल डोळ्यांनी पाहताहेत. आणि हा रोग आपणच पायांनी हिंडवतोय, आपण बसलो नसतो तर तिथे काहीच नव्हतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. प्रत्येक ठिकाणी पाऊल वाजलं की ते पडदा विझवून पळत होते. लोकांना 'नीट बाहेर पडा' शिकवणारा माणूस स्वतः पळताना एकाही ठिकाणाहून नीट बाहेर पडला नव्हता.

त्यांनी आपल्या टेबलाशी येऊन चित्र पुसलं, टेबलाला निळा रंग दिला आणि बाहेर पडून पुन्हा आत जाऊन पाहिलं. निळं. सगळं निळं. आयुष्यात कुठल्याच रंगावर त्यांचं इतकं प्रेम बसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कॉम्प्युटर लावला. राक्षस आला.

"गद्रे सर," श्रीविद्या दारातून म्हणाली. ती म्हैसूरकडची, मराठी तिला येत नव्हती, पण इंग्रजीत सुद्धा तिचा आवाज मधाळ होता. "काल तुम्ही माझ्या मशीनवर तुमचं टेबल उघडं ठेवून गेलात. मी नीट बंद केलं. पडदा काळाच होता, तुम्ही शिकवलेली बटणं आंधळेपणाने दाबली. बरोबर ना?"

"अगदी बरोबर," गद्रे म्हणाले आणि पडद्यापुढे उभे राहिले.

त्यांनी हेब्बाळला फोन लावला. सूर्यकांत फोनवर यायला बराच वेळ लागला. 'एका माणसाचं' असं म्हणून गद्र्यांनी सगळं सांगितलं, फक्त चित्र कसलं ते सोडून.

"सोपं आहे ना भाऊ," सूर्यकांत म्हणाला. "जो शेवटी बाहेर पडते, त्याचं टेबल खरं. तो माणूस चार जागी आत जाऊन बसला आहे. एका जागी पुसलं, पण दुसऱ्या जागी जुनं उघडंच आहे. ते कोणी बंद केलं की जुनं टेबल जाऊन नव्याच्या छातीवर बसते. त्या माणसाले सांगा, जिथं जिथं आत गेला तिथून तिथून आधी बाहेर निघ. मग पूस."

गद्रे अकाउंट्समधून बाहेर पडले. डिस्पॅचमधून बाहेर पडले. स्टोअरच्या दारापाशी गेले, तर दाराला कुलूप. कृष्णाजी धर्मस्थळाला गेले होते, देवाला, सहकुटुंब. किल्ली सिक्युरिटीत.

सिक्युरिटी ऑफिसर नंजप्पा हे फौजेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी किल्ली दाखवली, पण दिली नाही. "स्टोअरकीपर नसताना स्टोअर उघडायचं तर श्रीकंठय्या साहेबांची सही. आणि कारण लिहायचं. सविस्तर."

"नुसतं एक बटण दाबायचंय हो, स्वल्प," गद्र्यांनी त्यांना येत होती तेवढी कानडी खर्ची घातली.

"कुठलं बटण, ते पण लिहा," नंजप्पा म्हणाले.

त्यांनी कारण लिहून पाहिलं. 'यंत्र बंद करणे' लिहिलं तर यंत्र चालू का ठेवलं होतं, हा प्रश्न आला. 'तातडीची दुरुस्ती' लिहिलं तर साहेब पाहायला येतील. शेवटी ते कोराच कागद घेऊन केबिनपर्यंत गेले, वरचं बटण लावलं, आणि श्रीविद्याने दार उघडून त्यांना आत ढकललं म्हणायला हरकत नाही.

साहेब काहीतरी वाचत होते. ते इंग्रजीत बोलत, रागावले की कानडीत, आणि फार रागावले की बोलतच नसत. ते आज बोलले नाहीत. गद्र्यांच्या हातातल्या कोऱ्या कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "गद्रे. मुंबईची मंडळी शुक्रवारी येताहेत. कॉम्प्युटर पाहायला. हे तुमचं टेबल मागे मागे येतं ते... सगळ्यांना दिसतं का?"

गद्र्यांच्या कानात शिट्टी वाजली. "कोणाला, सर?"

"तुम्हाला. तुम्ही सर्व्हर बघता. कोण काय करतं, किती वेळा करतं, ते तुम्हाला कळतं ना?"

"नाही सर. म्हणजे हो सर. म्हणजे मी बघत नाही, सर."

"हं," साहेब म्हणाले आणि त्यांच्या कपाळावरची शीर उडाली. "कळतं तर."

गद्रे कोरा कागद घेऊन बाहेर आले. साहेबांना कळलं होतं. सगळं कळलं होतं. फक्त ते मुंबईच्या लोकांसमोर आपली चामडी सोलणार होते, म्हणून शुक्रवारपर्यंत थांबले होते.

त्या संध्याकाळी त्यांना जेवण जाईना. नीलिमाने खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर पडलं. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी तिने एकच विचारलं.

"चांगलं आलं होतं का?"

"काय?"

"चित्र. तुम्हाला साधा आंबा काढता येत नाही म्हणून विचारते."

गद्र्यांनी क्षणभर विचार केला. "फार चांगलं आलं होतं," ते म्हणाले, आणि ते रडायच्या बेताला आले.

खाली घरमालक गुंडो अण्णा राहत. त्यांची माणसं शहाजीराजांबरोबर या गावात आली आणि परत जायचं राहून गेलं, असं ते सांगत. त्यामुळे पुण्याहून आलेल्या माणसाला ते अजून पाहुणाच समजत. त्यांची मराठी कानडीत मुरलेली. गद्रे व्हरांड्यात येरझारा घालताना पाहून त्यांनी हाक मारली. "या हो, स्वल्प बसा. कसली काळजी?"

"माझ्या एका मित्राचं जरा..." गद्रे म्हणाले.

अण्णांनी डोळे मिटून मित्राची गोष्ट ऐकली. "सरी, बरं," ते म्हणाले. "मी टेलिफोन खात्यात होतो ना, तेव्हा आमच्या साहेबाला मी फोनवर गाढव म्हटलो. तोच पलीकडे होता, मला ठाऊक नाही."

"मग?"

"मग मी सरळ जाऊन पाय धरले."

"आणि माफ केलं?"

"नाही, बळ्ळारीला घातलं. अडीच वर्षं. उन्हाळा कसला तिथे! पण अनुसूयेला दम्याचा त्रास होता, तो कोरड्या हवेत गेला बघा." त्यांनी आतल्या दाराकडे पाहून आवाज दिला, "गेला ना गं?" आतून अनुसूया अक्का म्हणाल्या, "तुमच्यामुळे नाही गेला, हवेने गेला." अण्णांनी गद्र्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मित्राला सांगा, जे होईल त्यात कोणाचा तरी दमा जातो."

बळ्ळारी हा शब्द गद्र्यांच्या मनात रात्रभर घोळत राहिला. कंपनीचं बळ्ळारीत ऑफिस नव्हतं, ही गोष्ट त्यांना सकाळी आठवली, पण तोवर झोप गेलेलीच होती.

शुक्रवार उजाडला. कॉन्फरन्स रूममध्ये भाड्याने आणलेला प्रोजेक्टर लागला. गद्र्यांनी भल्या सकाळी येऊन आपलं टेबल पुन्हा निळं केलं, बाहेर पडले, आत गेले, बाहेर पडले. निळं. स्टोअरला कुलूप होतं तोवर ते निळंच राहणार होतं. शिवाय ठरलं होतं की साहेब स्वतः बसून, स्वतःच्या नावाने आपलं टेबल बोलावून दाखवतील. हेड ऑफिसचं तसं पत्रच होतं: प्रत्येक शाखेच्या प्रमुखाने यंत्र जातीने वापरावं. गद्र्यांचं काम नुसतं शेजारी उभं राहायचं.

मुंबईची मंडळी आली. इडली-वडा झाला, कॉफी झाली. गद्रे कॉन्फरन्स रूमच्या दाराशी उभे होते, तेवढ्यात जिन्यावरून कृष्णाजी आले. कपाळाला गंध, हातात प्रसादाची पुडी, केस देवाला वाहून डोकं गुळगुळीत.

"गद्रेसाहेब, प्रसाद. आणि एक सांगतो, रागावू नका. तुमचं मशीन आमच्याकडे चालू राहिलं होतं. आल्या आल्या पाहिलं. बटण दाबून बंद नाही केलं हां! आधी नीट बाहेर पडलो, मग बंद. तुम्ही शिकवलं तसं."

"पडदा लावलात?" गद्र्यांनी कसंबसं विचारलं.

"कशाला? श्रीविद्याबाईंनी सांगितलं, न बघता दाबता येतं."

गद्र्यांनी प्रसाद तोंडात टाकला.  पण एक होतं: बसणार साहेब होते. साहेबांचं टेबल वेगळं, साहेबांचं नाव वेगळं. राक्षस फक्त गद्र्यांच्या नावाला येत होता. देवा, त्यांनी मनात म्हटलं, आजचा दिवस मला कुणी माझं नाव विचारू नये.

आत सगळे बसले. मुंबईचे मोठे साहेब, एक थुलथुलीत म्हातारे गृहस्थ, पहिल्या खुर्चीत. श्रीकंठय्या साहेब उठले, कोट सारखा केला, कॉम्प्युटरपर्यंत गेले. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. आणि तिथेच उभे राहिले. कीबोर्डकडे पाहत राहिले. त्यांच्या कपाळावर घामाचे बारीक थेंब आले होते. गद्र्यांना ते दिसले, पण साहेबांनाही घाम येतो ही गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरली नाही.

"गद्रे," साहेब एकदम वळून म्हणाले. "तुम्ही करा."

"मी, सर?"

"तुम्ही. तुमच्या नावाने."

"सर, ठरलं होतं की आपण..."

"आता असं ठरलंय."

"सर, मला पाच मिनिटं मिळाली तर..."

"आत्ता," साहेब कानडीत म्हणाले.

गद्रे बसले. त्यांनी नाव टाकलं. मुद्दाम पासवर्ड चुकवला. यंत्राने नको म्हटलं. "पुन्हा," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता; गद्र्यांना वाटलं रागाने. दुसऱ्यांदा चुकवायची हिंमत झाली नाही. घड्याळाचं चित्र फिरू लागलं. टेबल सर्व्हरमधून निघालं होतं. इतके दिवस धावत येणारं टेबल त्या दिवशी मजेत, रस्त्यात थांबत थांबत येत होतं. मुंबईचे साहेब पुढे झुकले. गद्र्यांनी डोळे मिटले.

खोलीत कुणीतरी श्वास आत घेतला.

गद्र्यांनी डोळे उघडले. भिंतभर, छतापासून जमिनीपर्यंत, श्रीकंठय्या साहेब पसरले होते. स्टोअरच्या छोट्या पडद्यावर सुळे बोटाएवढे होते. इथे ते हाताएवढे. शिंगांवरच्या आडव्या रेघा फार सुबक दिसत होत्या.

 पंखा फिरत होता. श्रीविद्याने पदर तोंडावर घेतला होता आणि तिचे खांदे हलत होते, ते भीतीने की कशाने, कळायला मार्ग नव्हता.

"हे कोण?" मुंबईच्या साहेबांनी विचारलं.

गद्रे उभे राहिले. तोंड उघडलं. 'मी काढलं' म्हणावं की 'माझी बायको नीलिमा हिला कळवा' म्हणावं, याचा निर्णय झाला नव्हता. तेवढ्यात मागून श्रीकंठय्या साहेबांचा आवाज आला, अगदी सावकाश.

"दृष्ट."

"काय?"

"दृष्ट लागू नये म्हणून. तुम्ही विमानतळावरून येताना पाहिलं असेल, इथे नवीन बांधकाम झालं की त्याला राक्षसाचं तोंड टांगतात. हे यंत्रही नवीन. गद्र्यांनी स्थानिक रिवाज पाळला."

"अच्छा!" मुंबईचे साहेब म्हणाले. त्यांनी राक्षस निरखून पाहिला. मग श्रीकंठय्या साहेबांकडे पाहिलं. मग पुन्हा राक्षसाकडे. "चेहरा ओळखीचा वाटतो."

"राक्षस सगळे सारखेच असतात," साहेब म्हणाले. "गद्रे, पुढे चला."

गद्रे पुढे चालले कसे, ते त्यांना पुढे कधी आठवलं नाही. ते बाहेर पडले, शेजारच्या कॉम्प्युटरवर आत गेले, राक्षस त्यांच्या मागोमाग तिथे आला आणि मुंबईच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे योजना यशस्वी झाली होती. इतकी यशस्वी की मोठ्या साहेबांनी तिसऱ्या यंत्रावरही करून दाखवायला लावलं.

पाहुणे गाडीत बसून गेले. श्रीविद्या येऊन म्हणाली, "केबिनमध्ये बोलावलंय." आता तिचा आवाज मधाळ नव्हता, हळवा होता. लोक मयताला जाताना बोलतात तसा.

गद्र्यांनी वरचं बटण लावलं. आत गेले.

"दार लावा," साहेब म्हणाले. गद्र्यांनी लावलं. "कडी." कडी लावली. आता आपलं ओरडणं बाहेर कुणाला ऐकू जाणार नाही, असं गद्र्यांना वाटलं.

"तुम्हीच काढलं?"

"हो सर. ठिपका होता, सर. हनुवटीवर. तो पुसायला गेलो आणि..."

"ठिपक्यापासून शिंगांपर्यंत पोचलात."

"हो सर."

साहेब खिडकीशी गेले. पाठ करून उभे राहिले.  मग गद्र्यांना ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाले, "तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"बायकोला, सर. आणि घरमालकांना, पण त्यांना मित्राचं म्हणून..."

"बायकोला!" साहेब गर्रकन वळले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "मला पासवर्ड टाकता येत नाही हे तुम्ही बायकोला सांगितलंत?"

"पासवर्ड, सर?" गद्रे म्हणाले.

"नाटक करू नका," साहेब म्हणाले. "सर्व्हर तुमच्याकडे आहे. गेल्या आठवड्यात सगळे गेल्यावर मी बसलो होतो. तीन वेळा टाकला. तिन्ही वेळा यंत्र म्हणालं, चूक. मग म्हणालं, तुम्हाला कुलूप लावलंय. मला! माझ्या कंपनीत! सकाळी श्रीविद्याने लावलं तर चालू. म्हणजे कुणीतरी कुलूप काढलं. ते तुम्हीच काढणार ना? म्हणजे तुम्हाला कळलंच. मी तुम्हाला विचारलं, तर म्हणता, बघत नाही!"

गद्र्यांना आठवलं. साहेबांच्या नावाला कुलूप पडलं होतं खरं. श्रीविद्याच्या हातून चुकलं असेल असं समजून त्यांनी चहा पिता पिता ते काढून टाकलं होतं आणि विसरले होते.

"सर, मला वाटलं श्रीविद्या..."

"रोज सकाळी तीच लावते. मी आजवर एकदाही हात लावलेला नाही." साहेब खुर्चीत बसले, म्हणजे जवळजवळ पडले. "आज मुंबईवाल्यांसमोर मला टाकायला लागला असता तर? आठवडाभर मी झोपलो नाही, गद्रे. बायकोला वाटतंय मला साखर झाली." ते क्षणभर थांबले. "तुमचा तो राक्षस आला, आणि माझ्याकडे कुणी पाहिलंच नाही."

 गद्र्यांना काय वाटत होतं, ते त्यांना सांगता आलं नसतं. इतकी वर्षं ज्या माणसाच्या हॉर्नला ते उठून उभे राहत होते, तो माणूस समोर बसून रुमालाने मान पुसत होता. खरं तर त्यांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण त्यांना नवीनच भीती वाटू लागली: आता यांच्याशी बोलायचं कसं?

"सर," ते म्हणाले, "मोठी अक्षरं लागली असतील. डावीकडे एक बटण असतं. चुकून दाबलं जातं. माझंही होतं."

"तुमचंही होतं?"

"कित्येकदा, सर."

साहेबांनी त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. मग उठून टेबलाच्या या बाजूला, कॉम्प्युटरपुढे खुर्ची ओढली, आणि शेजारी आणखी एक ओढली. गद्रे साहेबांच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लागेल असे बसले. साहेबांनी एका बोटाने नाव टाकलं. अक्षर शोधायचं, सापडलं की दाबायचं, मग वर पाहायचं. पासवर्ड टाकताना त्यांनी गद्र्यांना तोंड भिंतीकडे करायला सांगितलं. गद्र्यांनी केलं. भिंतीवर कॅलेंडर होतं, ते त्यांनी मन लावून वाचलं.

"झालं?" साहेबांचा आवाज आला. "आता हे खाली 'ओके' लिहिलंय. दाबू?"

"दाबा, सर."

साहेबांनी उंदरावर हात ठेवला.  बाण पडद्यावर 'ओके'च्या भोवती घुटमळू लागला.

"दाबल्यावर काही जाणार नाही ना? सगळं पुसलं, सगळ्या कंपनीचं, असं काही?"

"नाही, सर," गद्रे म्हणाले. "घाबरू नका."

त्यांना स्वतःला तशी खात्री नव्हती. पण साहेबांनी डोळे मिटून घेतले होते, आणि अशा वेळी खरं सांगायचं नसतं.